रविवारची पेशंट

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी मॅट्रिक शिकलेली बाई. चार माणसांपुढे बोलायची सवय नाही, आणि आज तर यांच्या शोकसभेत बोलायचंय. लिहून आणलंय, तेच वाचते.

तुम्ही सगळे त्यांना सर म्हणता. मी नुसतं ‘अहो’ म्हणायचे. तुमचे सर माझ्या वाट्याला फारसे आलेच नाहीत. खरं सांगते, मला तुमचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

दर रविवारी तुम्ही फिजिओथेरपीची मुलं नाशिक रोडला आमच्या घरी यायचात. हे मला खुर्चीत बसवायचे. म्हणायचे, “या आजच्या पेशंट. उजवा गुडघा दुखतो. हात कोणी लावायचा नाही. आधी विचारा. आणि विचारलं की गप्प बसा. पहिलं उत्तर सगळेच देतात. खरं त्याच्यानंतर येतं.”

गुडघा खराच दुखत होता. पण यांनी मला कधी विचारलं? एकदा मी म्हटलंसुद्धा, “पोरांना एवढं शिकवता, मग मला का नाही विचारत?” तर म्हणाले, “तुझं मला ठाऊक आहे.”

ठाऊक नव्हतं हो.

एका रविवारी या मानसीनं विचारलं, “काकू, गुडघ्यामुळे काय करायचं सोडलंत?” मी म्हटलं, “काही नाही.” ती गप्प. मला वाटलं, उठून चहा टाकावा. ती गप्पच. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “सोमवारी नाशिकला गंगेवर जायचं सोडलं. घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत. घरात सांगते, वेळ नाही.”

हे दारात उभे होते. मुलांना म्हणाले, “उतरताना दुखतं, चढताना नाही. कुठं बघाल?” सगळे गुडघ्याकडे बघायला लागले. मानसी म्हणाली, “मांडी आणि खुबा, सर.” यांचा चेहरा असा फुलला, आमच्या लग्नातही तेवढा फुलला नव्हता.

मग व्यायाम ठरला. तीन महिन्यांनी मी पायऱ्या उतरले, यांचा हात धरून. पण मानसीच्या चहात पुढे कितीतरी रविवार साखर कमीच पडली. हसू नका, तिला माहीत आहे.

आता त्या सकाळचं सांगते. मी यांना विचारलं, “बरं वाटत नाही का?” म्हणाले, “बरंय.” देवाची पूजा राहिली होती. मी उठले. त्याच दुपारी कॉलेजात मानसीनं हेच विचारलं. तिलाही “बरंय” म्हणाले. ती उठली नाही. मग तिला सांगितलं, छातीवर दडपण येतंय. तिनंच दवाखान्यात नेलं. आम्हाला यांचे आणखी चार दिवस मिळाले, ते तिच्यामुळे.

मानसी, तुझे उपकार आहेत गं. तरी तुला सांगितलं, मला नाही, हे मनातून जात नाही. देवापुढे बसले तरी जात नाही.

पण चूक त्यांची नाही, तुझीही नाही. मी थांबले नाही.

आज थांबते. सगळ्यांनी उभं राहा. मी त्यांना पुन्हा एकदा विचारते, आणि मग कोणी काही बोलू नका.

अहो, बरं वाटत नाही का?