मुंगीचा हात

(शाळेचा शेवटचा दिवस. मुलं खाली मैदानावर, तिसरीचा वर्ग रिकामा. चार बाकं जोडून त्यांवर एक पांढरं कापड पसरलंय. कापडाशी दोन आया. एक या वर्गाच्या पालकांची अध्यक्षीण. तिला निवडून कोणी दिलेलं नाही, पण तसं तोंडावर सांगायची हिंमतही कोणाची नाही. दुसरी चष्म्याच्या दुकानाची मालकीण.)

अध्यक्षीण: ...आणि बाईंनी सेंटची बाटली परत पाठवली! माझ्याच मुलाच्या हातून. वर चिठ्ठी, ‘आभारी आहे, पण नको.’ नको म्हणजे काय गं? मी काय फुटपाथवरून उचलून आणली होती?

चष्मेवाली: त्या कोणाचंच घेत नाहीत, ताई. माझ्या मुलीने नेलेलं पेनसुद्धा नाही घेतलं.

अध्यक्षीण: तुझं पेन आणि माझं सेंट एका तागडीत घालू नकोस. दुसरीच्या बाई कशा माणसातल्या होत्या! मिक्सर दिला, दोन्ही हातांनी घेतला. दुसऱ्या दिवशी आमचे चिरंजीव वर्गप्रमुख. चोख काम. आणि ही? वर्षभर एकच पर्स, तिचा पट्टा शिवून शिवून दोऱ्याचाच झालाय, पण नाक बघ कसं वर!

चष्मेवाली: मग यांना द्यायचंच कशाला?

अध्यक्षीण: कारण पुढच्या वर्षी हाच वर्ग घेऊन ती चौथीत जाणार आहे. ऑफिसातल्या शिपायाकडून काढून घेतलंय मी. आणि चौथीचं नाटक मोठं असतं. यंदा आमच्या चिरंजीवांना काय केलं होतं, आठवतंय ना?

चष्मेवाली: झाड.

अध्यक्षीण: झाड! तेही मागच्या रांगेतलं. सगळं नाटक हात वर करून उभा. घरी आला तर खांदे धरलेले, जेवताना चमचा उचलवेना. तेव्हाच ठरवलं, हिला असं काहीतरी द्यायचं की हात आखडताच येणार नाही. वस्तू नको ना तुला? बरं, मग मुलांचेच हात घे. सगळ्या पोरांचे पंजे रंगात बुडवून ठसे, खाली ज्याचं त्याचं नाव. याला नाही म्हणाली तर साऱ्या वर्गासमोर दगडाच्या काळजाची ठरेल.

चष्मेवाली: दिसतंय सुंदर. पण ताई, खालच्या ओळीत ही जागा रिकामी कशी?

अध्यक्षीण: कुठे? ती होय. तिथे ती यायची होती, पोरं मुंगी म्हणतात ती.

चष्मेवाली: मुंगी आली होती रविवारी तुमच्याकडे. मी होते ना तिथे, ब्रश धूत.

अध्यक्षीण: एकटी आली होती! मी मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, मुलासोबत आईने थांबायचं. रंग सांडला तर माझी फरशी कोण पुसणार? ‘आई कुठाय’ म्हणून विचारलं, तर मान खाली. ‘आईला नाही सांगता येणार’ म्हणे. मी म्हटलं, मग आईला घेऊन ये आणि मग बुडव हात.

चष्मेवाली: बाह्या वर करून आली होती हो. दारातच तळहात पुढे केले होते तिने.

अध्यक्षीण: नियम म्हणजे नियम. आणि धडा काही मला त्या पोरीला शिकवायचा नव्हता, तिच्या आईला शिकवायचा होता. वर्षभरात एकदा तरी तोंड दाखवलंय त्या बयेने? पालकसभेला बाप. सहलीला सोडायला बाप. ग्रुपवरही बापच, तो नुसता अंगठा दाखवून मोकळा. पोटच्या पोरीसाठी हिला अर्धा तास नाही! अशांना मुलं होतात कशाला, तेच मला कळत नाही.

चष्मेवाली: ताई, असं बोलू नका.

अध्यक्षीण: का? झोंबलं तर झोंबू दे. ती काय इथे ऐकायला बसलीय?

चष्मेवाली: ती रोज इथेच असते.

अध्यक्षीण: काय?

चष्मेवाली: मी शब्द दिला होता, कोणाला सांगणार नाही म्हणून. पण आता हे कापड त्यांच्यासमोर जाणार... ताई, मुंगीची आई म्हणजे बाई.

अध्यक्षीण: कुठली बाई?

चष्मेवाली: आपल्याच. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या.

अध्यक्षीण: काहीतरीच! आडनावं वेगळी आहेत.

चष्मेवाली: मुंगी वडिलांचं लावते, बाई माहेरचं. गेल्या शुक्रवारी दोघी दुकानात आल्या, मुंगीचा नंबर तपासायला. खोलीत अंधार केला तशी पोर घाबरून म्हणाली, ‘आई, हात धर.’ बाईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, ‘तिसरीचा वर्ग एकच, करू काय? बाकीच्या मुलांना वाटू नये की ही बाईंची लाडकी. म्हणून शाळेचं फाटक आलं की ती मला बाई म्हणते. वर्ष काढलंय तिने असं. थोडेच दिवस राहिलेत, बोलू नका कुठे.’

अध्यक्षीण: शुक्रवारी? म्हणजे रविवारी माझ्या दारात ती उभी होती, तेव्हा तुला ठाऊक होतं!

चष्मेवाली: होतं.

अध्यक्षीण: आणि मूग गिळून बसलीस!

चष्मेवाली: ब्रश धूत राहिले. तुमच्यापुढे बोलायची सवयच नाही ना कोणाला.

अध्यक्षीण: आता मला अक्कल शिकवू नकोस. ‘आईला नाही सांगता येणार’ म्हणे! सरळ सांगायला काय झालं होतं कार्टीला?

चष्मेवाली: भेट आईसाठीच होती, ताई. सांगणार कशी?

अध्यक्षीण: कळलं, कळलं. गप्प बस जरा, विचार करू दे. ऑफिसात शिक्क्याचं पॅड आहे, निळं. घेऊन ये पटकन. आणि येताना आमच्या चिरंजीवांना वर घेऊन ये.

चष्मेवाली: त्याला कशाला?

अध्यक्षीण: त्याचा पंजा नाजूक आहे. एक ठसा त्याचा, खाली नाव मुंगीचं. संपलं.

चष्मेवाली: अहो, मुंगी खालीच आहे! तिलाच आणते ना.

अध्यक्षीण: आणि तिने आईसमोर रविवारचं पुराण लावलं म्हणजे? वर्षभराची माझी मेहनत मातीत. पोरांचे हात सगळे सारखेच असतात. कोण भिंग लावून बघणार आहे?

चष्मेवाली: मला हे पटत नाही.

अध्यक्षीण: पटवून घ्यायला सांगितलंय कोणी तुला? रविवारीही पटलं नव्हतंच ना? जा, पॅड आण.

चष्मेवाली: ...आणते.

अध्यक्षीण: ...आलास? ये रे राजा. हात दे इकडे. ‘मी तर आधीच दिलाय’ काय? मग आणखी एक दे. हातच मागतेय, किडनी नाही. दाब. अजून दाब. हललास! जाऊ दे, चालेल. आता पळ खाली, आणि कोणाजवळ तोंड उघडलंस तर याद राख. अगं, मार्कर दे. आणि मुंगीचं खरं नाव काय?

चष्मेवाली: तुम्हाला तिचं नाव माहीत नाही?

अध्यक्षीण: जिन्यावर पावलं वाजतायत, तुला परीक्षा कसली सुचतेय! सांग लवकर!

चष्मेवाली: द्या इकडे. मीच लिहिते.

बाई: बाकं कोणी जोडली?

अध्यक्षीण: या या, बाई! आम्हीच, आम्हीच. वर्षभर तुम्ही मुलांना जी माया दिलीत, तिची ही छोटीशी... मुलांनी स्वतः केलंय हो! वस्तूला तुम्ही हात लावत नाही, माहितेय ना आम्हाला. तत्त्वाच्या तुम्ही. पण हे तर मुलांचे हात आहेत. त्यांना कसं नाही म्हणाल?

बाई: नाही म्हणायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. हुशारी आहे.

अध्यक्षीण: हे कौतुक समजायचं ना?

बाई: अजून ठरवलं नाही मी. हा जुळ्यांतल्या धाकट्याचा. बोटं अशीच फाकवतो, फळा पुसतानाही. हा शेवटच्या बाकावरचा. आणि ही तुमची लेक ना? अंगठा आत घेते. पेन्सिलही तशीच धरते.

चष्मेवाली: हो, बाई.

अध्यक्षीण: बघितलंस? नावं न वाचता! मी म्हणतच होते...

बाई: वर्षभर हात धरून अक्षर गिरवून घेतलंय. त्यात विशेष काही नाही. हा कोणाचा?

अध्यक्षीण: तो ना? तो आपल्या मुंगीचा! नाव आहे की खाली.

बाई: नाव वाचलं मी.

अध्यक्षीण: अगदी गोड पोर हो. रविवारी आली, तर मी स्वतः मांडीवर घेऊन ठसा उठवला. काय हसत होती! रंगाने गुदगुल्या होतात म्हणे. घरी जायलाच तयार नाही.

चष्मेवाली: ताई, पुरे.

अध्यक्षीण: तू थांब गं मध्ये मध्ये.

बाई: बोलू द्या त्यांना. हसत होती?

अध्यक्षीण: खळखळून!

बाई: रविवारी ती घरी आली ती थेट न्हाणीघरात. नळ सोडून हात धूत बसली. मी जाऊन पाहिलं, तर हातांना काही लागलेलंच नव्हतं. कोरडे हात घासत होती. डोळे लाल. म्हटलं काय झालं, तर म्हणाली, ‘डोळ्यांत साबण गेला.’ कुठे गेली होतीस विचारलं, तर ‘तुला नंतर कळेल.’ कळलं आता.

अध्यक्षीण: अगं बाई, म्हणजे मुंगी तुमची...? आम्हाला खरंच कल्पना नव्हती हो!

बाई: होती. यांच्या तोंडावर ते मी आत आल्यापासून दिसतंय. मुंगीची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती, वाकडीच जुळली. ही सरळ आहे. हा तुमच्या मुलाचा हात. आत्ता जिन्यात भेटला मला, पँटला शाई पुसत होता. त्या बिचाऱ्याला मी काही विचारलं नाही.

अध्यक्षीण: हे बघा, झाली असेल चूक. पण ती तुमची म्हणून मी तिला वेगळं वागवलं असतं, तर तुम्हालाच नसतं आवडलं!

बाई: माझी म्हणून नका वागवू. कोणाची तरी आहे म्हणून वागवलं असतं, तरी चाललं असतं.

अध्यक्षीण: मी माफी मागते. अगदी मनापासून. तिला बोलावून घेते, सगळ्यांसमोर मागते! पुढच्या वर्षी तर आपल्याला...

बाई: पुढच्या वर्षी चौथीला मी नाही. मला देत होते, मी नको म्हटलं. मुलीने मला वर्षभर बाई म्हटलं, तेवढं पुष्कळ झालं.

अध्यक्षीण: म्हणजे? चौथीला तुम्ही नाही? मग कोण?

बाई: बघा. माफी संपलीसुद्धा.

अध्यक्षीण: तसं नाही हो, मी आपलं सहज...

बाई: तुम्हाला उत्तर हवं असेल तर खाली ऑफिसात मिळेल. मिक्सर कोणाला द्यायचा, तेही तिथेच विचारा.

चष्मेवाली: बाई, मी रविवारी तिथे होते. तिने हात पुढे केलेले मी बघितले. एक शब्द बोलले असते तरी...

बाई: तुम्ही मला शब्द दिला होता.

चष्मेवाली: शब्द कसला, नुसता भित्रेपणा. आणि हे नावही मीच लिहिलंय.

बाई: ओळखलं मी. अक्षर चांगलं आहे तुमचं. म्हणून जास्त राग आला.

मुंगी: येऊ का आत, बाई?

बाई: ये.

मुंगी: सगळे विचारतायत, वर यायचं का म्हणून. अय्या! तुम्ही बघितलंत?

बाई: आत्ताच.

मुंगी: मी नाही हं सांगितलं, बाई. कोणालाच नाही. घरीपण नाही.

बाई: माहितेय मला. एक अक्षर नाही बोललीस.

मुंगी: हे... इथे माझं नाव आहे.

अध्यक्षीण: हो ना बाळा, तुझंच नाव! तेच तर मी...

बाई: तुम्ही आता बोलू नका. मुंगे, तू सांग. घेऊ मी हे?

मुंगी: घ्या ना, बाई. आम्ही सगळ्यांनी मिळून केलंय.