सबाचा पांढरा कोट

केदारखेड्याच्या फाट्यावर दहावीतल्या दोन पोरी एसटीची वाट बघत होत्या. शेजारी बसलेली खुर्शीद शिलाईवाली ऐकत होती.

"दीपमाला, उद्या कोट घालायची तुझी पाळी हाये."

"न्हाई साजिया, बाह्या तोकड्या पडून राह्यल्या. पोरी हसतील."

"कोणी हसत न्हाई. सबाआपा फार्मसीला गेली, तवा आपल्या शाळंतून ती एकटीच होती. तिनं तिथला जुना पांढरा कोट वर्गाला दिला. पुढल्या साली चौघी पुढं शिकायला गेल्या, यंदा अकरा!"

"एक दिवस कोट घालून काय होतं गं?"

"दिवसभर सगळ्या विचारतात, तू काय शिकणार? सांगावंच लागतं. मी नर्सिंग म्हणलं. मंग घरीबी म्हणलं."

"मला तर आजपर्यंत कोणी विचारलंच न्हाई."

दीपमालानं कोट पिशवीतून काढला. खुर्शीदची नजर त्याच्या एका हिरव्या काजावर गेली. सबासाठी कोट शिवताना पांढरा दोरा संपला म्हणून तिनंच ते काज हिरव्या दोऱ्यानं केलं होतं.

"या अल्ला! किती जणींनी घातला गं हा?"

"गिनतीच न्हाई, खाला."

"आण इकडं. सबा अजून वाढंल म्हणून बाहीच्या आत चार बोटं कापड दाबून ठेवलं होतं मी."