फोटोतल्यासारखे केस

न्हाई न्हाई मामा, मशीन लावू नका— कातरीनंच घ्या, ह्या फोटोत हाय तस्संच, डाव्या बाजूनं भांग अन् कानापाशी बारीक. कोण हाय? आत्तेभाऊ हाय माझा, हरिओम, नांदेडला असतो. आवडले त्याचे केस म्हणून— हाव, मिशी बी काढा. छे छे, तसलं काही न्हाई, घरी सगळे ठणठणीत हायत. नोकरी लागली मामा, सॉफ्टवेअरची, पुण्याची कंपनी, उद्या सकाळी व्हिडिओवर पहिली मीटिंग. अप्पांनी तर जळकोटात सगळ्या बाजाराला सांगून टाकलं, आमचा अमरनाथ मोठ्या कंपनीत लागला म्हणून. पेढे? देतो की— आधी उद्याचा दिवस जाऊ द्या.

सारखा आरशात अन् फोटोत का बघतोय? भ्याव वाटून राहिलं मामा, खरं सांगतो. त्या लोकांकडं इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग असतं, पहिल्या दिवशी तोंड जुळवून बघतात म्हणं. जुळंल की! माझंच तोंड हाय, न जुळायला काय झालं? चष्मा बी घेतलाय, बिननंबरचा. त्याच्यासारखाच— कुणाला सांगू नका बरं का मामा. मला कोड लिहिता येत न्हाई असं न्हाई, घरी एकट्याला सगळं येतंय. पण समोर दोघं-तिघं बघत बसले, घड्याळ पळू लागलं, की बोटं लाकडाची होतात. दरवेळी तेच. मग पैसे घेऊन माझ्या नावानं हरिओम बसला इंटरव्ह्यूला. आत्तेभाऊ कुठला, धड ओळखीचा बी न्हाई. खोलीत अंधार केलता, मी टेबलाखाली, श्वास धरून— ते विचारायले अन् ह्यो फटाफट लिहायला. "शाब्बास अमरनाथ" म्हणले ते, अन् मला खाली बसून— बरं वाटलं हो, लई बरं वाटलं.

पकडलं तर? नोकरी जाईलच, पोलिसांत बी देतात म्हणं. अप्पा बाजारात कसे बसतील? अजून जरा बारीक करा ना कानापाशी— हाव, अस्सं. कालच्यासारखंच म्हंजे? काल कोण आलता? ह्योच फोटो घेऊन? हिमायतनगरचा पोरगा… मिशी बी काढली त्यानं? अन् उद्या मीटिंग म्हणला, व्हिडिओवर? कंपनीचं नाव काय सांगितलं, मामा, आठवा जरा—

तीच.

म्हंजे उद्या त्या पडद्यावर आम्ही दोघं, एकाच तोंडाचे—

थांबा मामा. कातर खाली ठेवा.