आमच्या पाड्यावरचा हिरवा ठिपका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, शिरपूरच्या आपत्ती मदत केंद्रातील सहकारी आणि पाड्यांवरून कामाचा दिवस मोडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी बादल, सातपुड्याच्या पायथ्याला शिक्षक आहे. ज्योत्स्नाताई आता जळगावकडे असोद्याला असंच केंद्र उभारायला चालल्या आहेत. त्यांच्याविषयी चार चांगले शब्द बोला, असा मला निरोप आला. शब्द जुळवायला बसलो आणि गोंधळून गेलो. तो गोंधळ तसाच आपल्यापुढे ठेवतो.

ताईंनी केंद्रात बसवलेली संदेशयंत्रणा कुणाच्या मालकीची नाही. ती सगळ्या जगाला खुली आहे, कुणीही घ्यावी, कुणीही दुरुस्त करावी. मग आभार नक्की कुणाचे मानायचे, हा माझा पहिला प्रश्न. आपल्या बोलीतले शब्द मात्र ताईंनी स्वतः तिला शिकवले. संकटात कुणीही फोनवर बोलावं, यंत्रानं शब्द ओळखावेत आणि नकाशावर ठिपका उमटवावा. धोका असेल तर लाल, नसेल तर हिरवा.

गेल्या भाद्रपदात नाल्याला पूर आला, फरशीपूल वाहून गेला. आमच्या दिवालीबाई अक्कांनी फोन केला, "पाणी नही शे." यंत्राला वाटलं, पाणी नाही म्हणजे पूर नाही. हिरवा ठिपका! मदतीच्या जीपगाड्या दुसऱ्या गावांना गेल्या. इकडे हातपंप गाळात बुडालेला, माणसं नाल्याचं गढूळ पाणी पीत होती, घरोघरी जुलाब सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या नजरेला ते खटकलं. नाल्याकाठी सगळं लाल, मध्ये एकटाच पाडा हिरवा कसा? त्यांनी फोन लावला.

"अक्का, पाणी उतरलं का?"

"अवं बाई, पेवाले पाणी नही शे! कालदिन सांगं ना!"

प्यायलाच पाणी नाही हे कळताच ताई दोर धरून नाला ओलांडून आल्या. औषध आलं, पाणी आलं. लेकरं वाचली. अक्कांचे मालक भुराआबा वाचले नाहीत.

मला कळतंय, हे निरोपाचं बोलणं नव्हे. पण ताईंनीच ते लपवलं नाही. जगभर जिथे जिथे ही यंत्रणा वापरतात, त्या सर्वांना त्यांनी आपल्या नावानिशी कळवलं, 'पाणी नाही ऐकलं की हिरवा ठिपका, हा नियम मी लिहिला, तो चुकला.' आता कुठलाही ठिपका हिरवा करण्याआधी माणूस उलट फोन करून विचारतो. अशा बाईंचा सत्कार करायचा, की त्यांच्याशेजारी नुसतं बसायचं? रागवावं तर जीव होत नाही, नुसती स्तुती करावी तर आबा आठवतात.

सकाळी अक्कांना विचारलं, "हे सभेत सांगू का?"

"सांग. पन बाई जाई राहिनी ना, आते फोन कोन उचली?"

"यंत्र आहे ना, अक्का."

"मानूस सांग."

मी म्हणून गेलो, "मी उचलीन."

व्यासपीठावर आमचे मुख्याध्यापक बसले आहेत. सर, आपली परवानगी न घेताच शब्द देऊन बसलो. आजपासून शाळा सुटली की मी केंद्रात असेन.

ताई, आपण आमच्यात आलात, राहिलात, आम्ही आपले ऋणी आहोत. सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभार. प्रसंगाला न शोभणारं काही बोललो असेन, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. नमस्कार.