दाताचं पाडस

आइले : आई, तो चाकू पुसायचं थांबवा जरा आणि माझं ऐका. मिक्कलकाका टेकडी चढून आपल्याच तंबूकडे येतायत.

सिग्गा : ऐकू येतंय मला. माझ्या नवऱ्याचं गाणं गुणगुणत येतायत. यूहान जाऊन सहा वर्षं झाली, तरी काही हवं असलं की ह्यांना त्याचंच गाणं सुचतं. कॉफी ठेव.

आइले : ठेवलीय. त्यांच्या आधी मला बोलायचंय. आपल्या इंगाच्या पाडसाबद्दल.

सिग्गा : त्याचं काय? सुनेनं सासूला शिकवायचं राहिलं होतं तेवढं. तुझ्या इंगाला पहिला दात आला, तो माझ्या बोटाला लागला. ज्याला दात सापडेल त्यानं बाळाला रेनडिअरचं पाडस द्यायचं. दिलं. सकाळी कोंडवाड्यात त्याच्या कानांवर इंगाच्या मालकीची खूण कापली, तुझ्या डोळ्यांदेखत. तुमच्या खाडीवरच्या कोळ्यांत काय देतात दाताला? वाळवलेला मासा?

आइले : काही देत नाहीत. आई, कान कापून सोडलंत, तेव्हा ते पाडस आपल्या मादीकडे गेलंच नाही. मिक्कलकाकांच्या करड्या मादीच्या कासेला लागलं.

सिग्गा : पाडसं गोंधळतात. हजार पायांत आई सापडते का लगेच?

आइले : मी किती तरी वेळ बघत होते. पीत होतं ते. आणि मादी चाटत होती त्याला.

सिग्गा : मादी कुणाची, हे तू ठरवलंस? लग्न होऊन आलीस तेव्हा रेनडिअरची पुढची बाजू कुठली हे विचारत होतीस.

आइले : डाव्या कानाला दोन चिरा. उजव्याचा शेंडा उडवलेला. ही खूण मिक्कलकाकांचीच ना?

सिग्गा : ...कुणाला बोललीस?

आइले : कुणालाच नाही.

सिग्गा : नीलासला?

आइले : तुमच्या मुलालाही नाही.

सिग्गा : मग सकाळीच का नाही बोललीस? चाकू टेकवायच्या आधी?

आइले : चाकू तुमच्या हातात होता.

मिक्कल : काय वहिनी, आहे का कॉफी? डासांनी अर्धा खाल्ला मला, उरलेला आणलाय.

सिग्गा : या भावजी. उरलेल्यालाही पुष्कळ होईल. आइले, सुकं मांस काप, चीजचा मोठा तुकडा टाक त्यांच्या कपात. दात नाहीत त्यांना, भिजलेलंच चालतं.

मिक्कल : तुमच्याकडचं चीज नुसतं जिभेवर ठेवलं तरी चालतं. दलदलीकडे जाऊन आलो. पिवळी फळं अजून लालच आहेत, कडक. पिकली की पिवळी नि नरम होतात, तुमच्या उलट. यंदा आठवडाभर उशीर.

सिग्गा : फळं बघायला टेकडी नाही चढलात तुम्ही.

मिक्कल : नाही, आपलं सहज. मागचा हिवाळा कसा गेला, आठवतो ना? बर्फावर पाऊस पडला आणि वर काच धरली. खाली दगडफुलाचा चारा, वर उपाशी जनावर, खुरानं फुटेना. तरीही बऱ्याच माद्या व्यायल्या, हे नशीबच. तुमच्या किती ते मी विचारत नाही.

सिग्गा : विचारूच नका.

मिक्कल : माझ्या एका मादीचं पाडस मात्र गेलं बहुतेक. करड्या मादीचं. गरुड फार झालेत ह्या बाजूला.

आइले : काका, ते पाडस...

मिक्कल : गरुडच असणार, पोरी. मी तिकडे कोंडवाड्यातही सगळ्यांना तसंच सांगून आलो.

सिग्गा : सगळ्यांना सांगून आलात?

मिक्कल : हो. विषय संपला. मांस झकास वाळलंय.

सिग्गा : भावजी, लहानपणी शाळेच्या दुसऱ्याच हिवाळ्यात मला घरी पळून यावं लागलं. आपली सामी भाषा बोलले की कोपऱ्यात उभं करायचे. कागदावरचं मला आजही धड वाचता येत नाही. पण ह्या खाडीपासून त्या पठारापर्यंत कुणाच्याही जनावराचे कान मी वाचत आले. माणसं भांडत माझ्याकडे यायची आणि मी सांगेन ते ऐकून परत जायची. बरोबर ना?

मिक्कल : बरोबर.

सिग्गा : आणि आता माझ्या नातीच्या कळपाची सुरुवात एका गरुडावर आळ घालून करायची? पहिलंच जनावर दुसऱ्याच्या मादीखालून ओढलेलं? तिचा कळप वाढेल कसा? हात पुढे करा.

मिक्कल : वहिनी, राहू द्या.

सिग्गा : करा म्हणते ना. हे दोन तुकडे. त्याच पाडसाच्या कानांचे. सकाळपासून खिशात आहेत. पाडसं मोजायच्या इंगाच्या दोऱ्यात ओवणार होते, पहिले म्हणून. हे तुमचे आहेत.

मिक्कल : ...कापलेला कान परत जुळत नाही, वहिनी. पोरीची खूण झाली, राहू दे तिच्याकडेच. बदल्यात तुमचं एखादं मला द्या.

सिग्गा : एखादं नाही. कळपाच्या पुढे चालणाऱ्या माझ्या घंटावाल्या मादीचं देईन. आणि कोंडवाड्यात सगळे असताना. सिग्गा चुकली, हे मी तोंडानं सांगेन. तुम्ही गरुड परत घ्या.

मिक्कल : घेतला. पण चुकलात कशा, ते नाही विचारणार मी.

सिग्गा : विचारा की. मला मादीचे कान दिसलेच नाहीत. मागच्या उन्हाळ्यापासून दिसत नाहीत. चालीवरून, खोकल्यावरून, कोण कुणामागे धावतं त्यावरून भागवत होते.

मिक्कल : ठाऊक होतं. तुम्ही जनावरांवर फास टाकायचं सोडलंत, तेव्हाच.

सिग्गा : मग वर्षभर बोलला नाहीत ते?

मिक्कल : तुम्हाला बोलायचं म्हणजे, वहिनी... कॉफी प्यायलाही यायचं असतं मला.

सिग्गा : आइले, इकडे ये. हा धर.

आइले : चाकू? मला?

सिग्गा : उद्या घंटावाल्या मादीच्या पाडसाला मिक्कलभावजींची खूण तू कापायचीस. डाव्याला दोन चिरा, उजव्याचा शेंडा. तोंडपाठ आहे तुला, आत्ताच ऐकलं मी. मी इंगाला घेऊन कुंपणापाशी बसेन.

आइले : बोट कापलं जाईल माझं, आई.

सिग्गा : जाऊ दे. माझंही कापलं जायचं सुरुवातीला. आणि कुणी चुकताना दिसलं तर तिथल्या तिथं बोलायचं. मी असले तरी.

आइले : बोलेन.

सिग्गा : आता जरा खाली बघ. आहे का ते तिथंच?

आइले : आहे. करड्या मादीजवळ. झोपलंय.

सिग्गा : रंग कसा आहे गं त्याचा?

आइले : तपकिरी. पाठीवर गडद, पोटाकडे फिकट.

सिग्गा : असं होय. मी पांढरं म्हणून निवडलं होतं.