झोपलेली वस्ती

...आणि वर तोंड करून म्हणतात काय, तर हे घर म्हणजे वस्ती नाही! अहो, साठ वर्षं त्या घरात माणूस राहतोय, लग्न झालं, पोरं झाली, पोरं गल्फला गेली, आणि आज फाईल बघून सांगतात, वस्ती नाही! तुम्हाला सांगतो, उत्तनच्या पुढे, समुद्राकडे तोंड करून शेवटचं घर आहे ना, ते कॅजिटनचं. कॅजिटन आणि त्याची बायको आयरिन, दोघंच. पुढे थोडी भाजी, मागे टेकडी आणि मधे विहीर. समुद्र हाकेवर, तरी विहिरीचं पाणी गोड! नळाला पाणी आलं नाही की अख्खं गाव हंडे घेऊन तिथंच.

तर त्या टेकडीवर नवीन डम्पिंग येणार अशी नोटीस लागली. टेकडीवर कचरा म्हणजे पहिल्याच पावसात त्याचा काढा सरळ विहिरीत! पण नियम आहे हो, समुद्रकाठच्या वस्तीपासून पाचशे मीटरच्या आत नवीन डम्पिंग नाही. कॅजिटनने स्वतः टेप धरला. चारशे ऐंशी भरले! घरी येऊन आयरिनला म्हणाला, "सुटलो गो!"

आता मला सांगा, कॅजिटनचं काय चुकलं?

मोजणीला आले पाटणेसाहेब. ईश्वर पाटणे, निरीक्षक. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की परिपत्रक वाचल्यासारखा. म्हणाले, "अंतर मान्य. पण कलम सातप्रमाणे किमान दहा व्यक्तींचा मुक्काम असेल तरच वस्ती. तुम्ही दोन. दोन म्हणजे... दोनच."

"सायब, मुक्काम म्हंजी?"

"झोपणे."

"आन् बघाया कवा येनार?"

"सोमवारी. दुपारी तीन वाजता. पाचनंतर ऑफिस बंद असतं."

म्हणजे बघा! दहा माणसं, सोमवारी, भर दुपारी तीनला झोपलेली पाहिजेत! पण पाणी जाणार म्हटल्यावर माणूस काय करेल? आयरिनने फोन उचलला. शांती नगरहून तिची बहीण व्हेनेसा आली, तिचा नवरा शेन आला, पोरगी जोआन आली, शेनची आई आली आणि त्याचे दोन भाऊ आले, ते येताना कॅरम घेऊन! कोळीवाड्यातून जानू आणि लक्ष्मी आले. जानू पहाटे बोट लावून आलेला, त्याला कुणी "झोप" म्हणायची गरजच नव्हती, उंबऱ्यातच आडवा झाला.

तीन वाजता पाटणेसाहेब चपला हातात घेऊन, पाय न वाजवता आत. ओळीने चटया. शेनचे भाऊ असे घोरतायत, असे घोरतायत, की खरा घोरणारा जानू लाजून गप्प बसावा! साहेब बोट दाखवत मोजतायत... सात... आठ... नऊ. परत मोजलं. नऊ!

"एक कमी आहे."

"आवं, म्या हाय की!" कॅजिटन म्हणाला.

"तुम्ही जागे आहात. जागा माणूस पाहुणाही असू शकतो."

स्वतःच्या घरात! पाहुणा! आयरिन डोळे मिटूनच ओरडली, "पड ना रं बाजूला, कवापासून घोरतंय आमी!" पडला बिचारा. डोळे मिटले. दहा!

आता मला सांगा, कॅजिटनचं काय चुकलं?

थांबा, संपलं नाही. साहेब म्हणाले, "आता सह्या." सही करायला उठले की झोप मोडली, झोप मोडली की मुक्काम गेला! शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. शाईचं पॅड काढलं आणि झोपलेल्यांचे अंगठे घ्यायला लागले. नऊ अंगठे सुरळीत. दहावा जानूचा. तो खरा झोपलेला ना! अंगठा धरल्याबरोबर किंचाळला, "खेकडा! खेकडा चावला!" आणि साहेबांच्या गालावर पाची बोटं, शाईसकट! सगळे श्वास रोखून... पण डोळे मिटलेलेच, हां! साहेबांनी गाल पुसला आणि शांतपणे लिहिलं, 'रहिवासी गाढ झोपेत होता.'

आणि आला हो आदेश! 'नवीन डम्पिंगला मनाई.' गावाने फटाके वाजवले. लक्ष्मीने सुक्या बोंबलाची चटणी आणली. कॅजिटन विहिरीवर गेला, ओंजळभर पाणी प्यायला आणि तिथंच कठड्यावर बसून रडला. एवढा मोठा माणूस. थट्टा नाही करत मी. आजा-पणजाने खणलेली विहीर हो ती!

पण खाली बारीक अक्षरात होतं, 'मुक्काम कायम असेपर्यंत.' तपासणी कधीही होऊ शकते! जानू-लक्ष्मीचं ठीक, दुपारी येतात, झोपून जातात. पण व्हेनेसाने शांती नगरचा फ्लॅट भाड्याने दिला. शेनची आई आता कालवणात मीठ किती ते सांगते. कॅरम दिवसभर चालू. कॅजिटनने भीतभीत विचारलं, "जायाचा कवा?" व्हेनेसा म्हणते, "आम्ही गेलो तर कचरा येईल ना, भावोजी!"



शेवटी तो पाटणेसाहेबांच्या ऑफिसात गेला. हळूच विचारलं, "सायब, कचऱ्याला जसा पाचशे मीटरचा नियम हाय... तसा पावन्यांना काय न्हाय का?"

साहेबांनी दार बंद केलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदा माणसासारखे बोलले.

"असता, तर मी भर दुपारी लोकांची घरं मोजत फिरलो असतो का हो? माझ्या घरी चौदा आहेत."