नमुना क्रमांक एक

...नाही हो, तारीख विचारू नका, सालसुद्धा विचारू नका, कारण मी सांगेन ते बरोबर असेलच असं नाही, आणि आमची ही आत्ताच म्हणाली की तुम्ही ही गोष्ट दर वेळी वेगळी सांगता... तर करोनाच्या आधीचं, एवढं नक्की. बहुतेक नक्की. खोपटला एसटी डेपोच्या मागे आमचा फ्लॅट, तिसरा मजला, आणि स्वयंपाकघर नवं करायचं निघालं. तुम्हाला सांगतो, मी पॉलिमर केमिस्ट्रीत पीएचडी, चौतीस वर्षं कॉलेजात रेझिन शिकवलं, पोरं त्याला डिंक म्हणायची, आणि प्लायवूड म्हणजे दुसरं काय आहे? लाकडाचे पातळ पापुद्रे, एक उभा, एक आडवा, मध्ये डिंक, आणि वरून गरम दाब! म्हणजे प्लायमधलं लाकूड सोडलं तर बाकी सगळं मला येतं!

तरी म्हटलं, खात्री करून घेतलेली बरी.

कल्याणला दिपेशभाईंच्या प्लायच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, "काका, काय देऊ? एमआर, बीडब्ल्यूआर, की सातशे दहा?" मी म्हटलं, अहो, माणसाच्या भाषेत सांगा! तर म्हणाले, "एमआरला दमट हवा चालते, पाणी नाही चालत. बीडब्ल्यूआरला पाणी चालतं, रोजची आंघोळ नाही चालत. आणि सातशे दहा म्हणजे मरीन! बहात्तर तास उकळत्या पाण्यात टाका काका, एक पापुद्रा सुटला तर माझं नाव बदला!" मी विचारलं, ते कोपऱ्यातलं काय? "ते पार्टिकल बोर्ड, लाकडाचा चुरा दाबून करतात. त्याला पाणी दाखवू नका, चहातलं बिस्कीट होईल." आणि त्याच्या शेजारचं गुळगुळीत? "ते एमडीएफ, लाकडाच्या लगद्याचं. त्याला लांबूनसुद्धा दाखवू नका!"

मी तिथल्या तिथे स्वतःचं वर्गीकरण करून टाकलं. मी एमआर. थोडा ओलावा चालतो, पण कोणी उकळतं बोललं की माझे पापुद्रे सुटतात. आमची ही सातशे दहा. त्याबद्दल वाद नाही.

तर सातशे दहा घेतला. सुतार कोण? जेरोम, कोलशेतचा. त्याच्या वडिलांनी खाडीवर होड्या बांधल्या, हा आमच्यासारख्यांची कपाटं बांधतो. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "जेरोम, हा मरीनच ना?"

"मरीनच हाय सर."

"म्हणजे जहाजाला लावतात तोच?"

"सर, माझ्या बापानं बावीस होड्या बांधल्या, एकीला पन प्लाय नाय लावला. तुमचं किचन बुडनार नाय, तुमी चहा प्या."

आता यावर शहाण्या माणसाने चहा प्यावा की नाही? मी प्यायलो. पण पिता पिता विचार आला... शीटवर सातशे दहाचा शिक्का होता, बरोबर, पण शीट आता कापली! शिक्का एका तुकड्यावर, बाकीचे वीस तुकडे कुठले कोणाला ठाऊक? चौथ्या दिवशी कपाटांचे सांगाडे उभे राहिले, फक्त दारं बसवायची बाकी होती, आणि मला राहवेना. जेरोमला विचारलं तर त्याला वाईट वाटेल. म्हणून तो जेवायला खाली गेल्यावर गॅलरीत गेलो, तिथे पडलेल्या कापलेल्या तुकड्यांतून चष्मा न लावताच एक वीतभर तुकडा उचलला, आणि उकळत ठेवला.

हसू नका! खात्री करून घेतलेली बरी!

स्वयंपाकघर तोडलेलं, शेगडी हॉलमध्ये स्टुलावर, त्यावर दिवाळीच्या चिवड्याचं मोठं पातेलं. ही म्हणाली, "काय शिजतंय?" मी म्हटलं, प्लाय. ती म्हणाली, "किती शिट्ट्या?" मी म्हटलं, बहात्तर तास. त्यावर तिने मिठाचा डबा आणून माझ्याशेजारी ठेवला.

बहात्तर तास लागलेच नाहीत हो! पाचव्या तासाला पापुद्रे सुटले, पुस्तकाची पानं उलगडावीत तसे! आणि पाणी झालं जांभळं! मी वहीत लिहिलं, 'नमुना क्रमांक एक. पूर्ण विलग. द्रावण जांभळसर, रंगद्रव्याची भेसळ संभवते.' संभवते! चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं निरीक्षण!

दुसऱ्या दिवशी जेरोम आला. मी पापुद्रे ताटात मांडून ठेवले होते. मी विचारलं, "हे काय?" त्याने एक पापुद्रा उचलून बघितला. "सर, पन ह्यो तुकडा कुठनं—" मी म्हटलं, "तुकड्याचं बोलू नकोस जेरोम, तत्त्वाचं बोल!" आणि त्याला फिनॉल फॉर्माल्डिहाइडवर, म्हणजे प्लायच्या डिंकावर, वीस मिनिटं सुनावली. तो परत म्हणाला, "सर, ऐका तरी, ह्यो तुकडा—" मी म्हटलं, माल कुठे बदललास?

तेव्हा त्याने हत्यारं गोळा केली. करवत पुसली, पिशवीत घातली आणि म्हणाला, "सर, आमच्या घरानं खोटं लाकूड लावलं असतं ना, तर मानसं मेली असती खाडीत." आणि गेला. दारं तशीच भिंतीला टेकलेली.

मी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त श्रीपादरावांना सांगितलं. श्रीपादराव म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे मग सगळ्यांनाच कळलं. आमच्याच बिल्डिंगमधली दोन घरांची कामं जेरोमच्या हातून गेली. दुसरा सुतार आणावा, तर तो दारातूनच विचारायचा, "ते उकळणारे सर इथेच राहतात का?" आणि परत फिरायचा. सहा वर्षं, तुम्हाला सांगतो, सहा वर्षं आमच्या ओट्याखाली हिच्या जुन्या साड्यांचे पडदे!

मग परवा, म्हणजे परवाच्या दिवाळीत, आम्ही मुलीकडे बंगळुरूला गेलो. मुलगी दक्षता, नाव मीच ठेवलेलं, उगाच नाही. परत येतो तर सिंकखालचा पाइप फुटलेला, कपाटाचा तळ पाण्यात, किती दिवस कोण जाणे! मी डोळे मिटून हात घातला... प्लाय ठणठणीत! फुगवटा नाही, पापुद्रा नाही. मी फडकी शोधायला माळ्यावर चढलो, आणि जुन्या बादलीमागे स्वस्तातल्या प्लायची एक फळी निघाली. दक्षताचा सातवीतला सूर्यमालेचा प्रकल्प. बुध होता, शुक्र होता, गुरू होता, शनी मात्र अर्धाच. जांभळा. पुढे करवतीने कापलेलं.

मी खाली उतरलो. माझ्या कपड्यांच्या कपाटातून पिशवी काढली, 'नमुना क्रमांक एक', जपून ठेवलेली, हो, जपून! एकेक पापुद्रा फळीला लावून पाहिला. रेघेला रेघ जुळली.

मी उकळला तो शनी होता.

त्याच दिवशी सोसायटीच्या फळ्यावर माझ्या सहीने खुलासा लावला, 'जेरोम यांचा माल अस्सल होता, उकळलेला तुकडा माझ्या घरचाच होता, चूक माझी.' श्रीपादराव वाचून म्हणाले, "बापरे, पीएचडीसुद्धा लिहिलीत खाली?" मग जेरोमला फोन केला. म्हटलं, "जेरोम, मी खोपटहून—"

"उकळनारे सर ना? बोला."

"अरे, तो तुकडा तुझ्या प्लायचा नव्हता!"

"ठाऊक हाय सर. मीच कापलेला. टीपॉयचा पाय डुगडुगतो, खाली लावायला तुकडा पायजे म्हनून तुमीच माळ्यावरनं फळी काढून दिली. तेच तर सांगत होतो."

मीच! मला आजही आठवत नाही. म्हणून तर म्हटलं, माझ्या आठवणीवर जाऊ नका. मी म्हटलं, "त्या दोन्ही घरी मी स्वतः जाऊन सांगतो. आणि जेरोम... दारं अजून भिंतीलाच आहेत रे."

तो म्हणाला, "रविवारी चर्चात मिस्सा झाला की येतो. फक्त एक करा सर. मी असेपर्यंत गॅस बंद ठेवा."

ठेवतो म्हटलं. फोन खाली ठेवला, उठलो, आणि गॅस बंद आहे का ते बघून आलो. दोनदा.

खात्री करून घेतलेली बरी.